घर बांधायचंय? आधी ठरवा, तुमच्या जागेची फाइल कोणत्या कार्यालयात जाते

माझ्या थोरल्या बहिणीने शहरालगतच्या एका गावात प्लॉट घेतला, तेव्हा सगळ्यांनी तिला एकच सांगितलं: ग्रामपंचायतीत अर्ज दे, ठराव होईल, काम सुरू कर. तिने तसंच केलं. ठराव मिळाला, शिक्का बसला, काम जोत्यापर्यंत आलं आणि नोटीस आली. ते गाव एका विकास प्राधिकरणाच्या हद्दीत होतं. परवानगी द्यायचा अधिकार त्या प्राधिकरणाचा होता, ग्रामपंचायतीचा नव्हता. बँकेने कर्जाचा पुढचा हप्ता थांबवला, फाइल पहिल्यापासून करावी लागली आणि एक पावसाळा उघड्या जोत्यावर गेला. तिला कोणी फसवलं नव्हतं. सल्ला देणाऱ्यांनी दहा वर्षांपूर्वी आपापली घरं तशीच बांधली होती. मधल्या काळात हद्द बदलली होती, एवढंच.

तेव्हापासून ओळखीतलं कोणीही ‘बांधकाम परवानगीला कागदपत्रं काय लागतात?’ असं विचारलं, की मी आधी जागेचा गट नंबर विचारते. महाराष्ट्रात घर बांधणाऱ्यांसाठी ही माहिती त्याच क्रमाने लिहिली आहे.

परवानगी देणारं कार्यालय कोणतं?

महाराष्ट्रात बांधकाम परवानगीचा मूळ कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, १९६६. बोलताना सगळे त्याला एमआरटीपी म्हणतात. या कायद्यात ‘नियोजन प्राधिकरण’ असा शब्द आहे, म्हणजे त्या हद्दीत बांधकामाची परवानगी देणारी संस्था, आणि आपल्याला शोधायचं असतं ते हेच. जागा महानगरपालिका, नगरपरिषद किंवा नगरपंचायतीच्या हद्दीत असेल तर बहुतेक वेळा तीच संस्था नियोजन प्राधिकरण असते. महापालिकेत अर्ज बांधकाम परवानगी किंवा नगररचना विभागात जातो, बृहन्मुंबईत इमारत प्रस्ताव विभागात, आणि नगरपरिषदेत परवानगी मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने निघते.

‘बहुतेक वेळा’ हे शब्द मुद्दाम लिहिले आहेत. काही क्षेत्रांसाठी शासन विशेष नियोजन प्राधिकरण नेमतं. औद्योगिक वसाहतीत एमआयडीसी, नवी मुंबईच्या काही नोडमध्ये (म्हणजे नियोजित उपनगरांत) सिडको, पुण्याभोवती पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), नागपूरभोवती तसंच एनएमआरडीए, म्हाडाच्या वसाहतींत म्हाडा. अशा ठिकाणी पाण्याचं बिल एका संस्थेचं, घरपट्टी दुसऱ्या संस्थेची आणि बांधकामाची मंजुरी तिसऱ्या संस्थेची असू शकते. त्यामुळे घरपट्टी जिथे भरता तिथेच परवानगी मिळेल, असं धरून चालू नका.

ग्रामीण भागात गावठाणाची रेषा सगळं ठरवते. गावठाणाच्या आतल्या बांधकामाला महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ खाली ग्रामपंचायतीची परवानगी लागते. गावठाणाबाहेर, प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात, एमआरटीपीच्या कलम १८ प्रमाणे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. प्रत्यक्षात हे काम अधिकार प्रदान केल्याप्रमाणे उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार पाहतात आणि नकाशांवर नगर रचना विभागाच्या जिल्हा शाखेचा अभिप्राय घेतला जातो. म्हणजे एकाच गावातल्या दोन शेजाऱ्यांच्या फाइली वेगवेगळ्या कार्यालयांत जाऊ शकतात, मधे फक्त गावठाणाची रेषा असते.

आता हद्दी किती वेगाने बदलतात ते पाहा. पुण्याजवळची फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं २०१७ च्या ऑक्टोबरपर्यंत ग्रामपंचायतीत होती. मग ती पुणे महापालिकेत आली आणि २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. सात वर्षांत तीन कार्यालयं. २०२१ मध्ये आणखी २३ गावं पुणे महापालिकेत आली, पण त्यांच्या विकास आराखड्यासाठी नियोजन प्राधिकरण म्हणून शासनाने पीएमआरडीएला नेमलं. तुमच्या तालुक्यातही असंच काही झालेलं असू शकतं. म्हणून शेजाऱ्याचा जुना अनुभव ऐकून घ्या, पण त्याच्या भरवशावर पाया खणू नका.

गट नंबर हातात असल्याशिवाय कुठेच जाऊ नका

‘शाळेच्या मागे, मारुतीच्या देवळाजवळ’ या पत्त्यावर कोणताही अधिकारी हद्द सांगू शकत नाही. त्याला गाव, तालुका आणि सर्व्हे किंवा गट नंबर लागतो. शहरात सिटी सर्व्हे नंबर, ज्याला आपण सीटीएस म्हणतो. गावाकडच्या जमिनीचा सातबारा आणि ८अ (खातेदाराच्या जमिनींचा उतारा) तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे मिळतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर घरबसल्या काढता येतो. नगर भूमापन झालेल्या भागात सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक असतं आणि ते नगर भूमापन अधिकाऱ्याकडे मिळतं.

इथे एक गैरसमज फार खोल रुजलेला आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, म्हणजे घरपट्टीचा उतारा, हा कर आकारणीचा कागद आहे. त्यावर नाव लागलं म्हणून मालकी सिद्ध होत नाही. गावठाणातल्या घरांना मालकीचा नीट कागदच नव्हता, ही जुनी अडचण आहे. त्यासाठी ड्रोनने गावठाणांची मोजणी करून मालमत्ता पत्रकं देण्याचं काम स्वामित्व योजनेत चालू आहे. केंद्राने ही योजना एप्रिल २०२० मध्ये सुरू केली. तुमच्या गावची मोजणी झाली असेल तर पत्रक आधी काढून घ्या.

सातबारा हाती आला की भोगवटादाराचा वर्ग पाहा. वर्ग १ असेल तर ठीक. वर्ग २ असेल तर त्या जमिनीच्या हस्तांतरणावर आणि वापरावर शासनाच्या अटी असतात, आणि मग नकाशा काढण्याआधी तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात जावं लागतं. ‘इतर हक्क’ हा रकानाही वाचा. बँकेचा बोजा, कुळाचं नाव, तुकडेबंदीचा शेरा तिथेच असतो. प्लॉट गुंठेवारीचा, म्हणजे मंजूर ले-आउट नसताना तुकडे पाडून विकलेला, असेल तर तो २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित झाला आहे का, हे त्या प्राधिकरणाकडेच विचारा. विकणाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर लाखो रुपये अडकवलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांचं दुःख फार मोठं असतं.

मोजणी कराच. तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात अर्ज केला की भूकरमापक जागेवर येतो, खुणा दाखवतो आणि मोजणी नकाशाची ‘क’ प्रत मिळते. अनेकांना हा खर्च वायफळ वाटतो. पण सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र यात फरक निघाला, तर तो कागदावर असतानाच निघालेला बरा. भिंत उभी राहिल्यावर निघाला तर तो शेजाऱ्याशी दिवाणी दावा होतो.

झोन दाखला आणि बिगरशेती

नियोजन प्राधिकरण कळलं की तिथून दोन कागद मागवा: झोन दाखला आणि भाग नकाशा. जागा रहिवास विभागात आहे की शेती विभागात, तिच्यावर रस्ता, शाळा, उद्यान असं काही आरक्षण आहे का, हे त्यातून कळतं. प्रस्तावित रस्त्याची रुंदी त्यात दिसते आणि तुमच्या प्लॉटचा किती भाग त्या रस्त्यात जाणार, हेही. माझ्या मते जागा विकत घेण्याआधी काढायचा हा सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे, आणि लोक तो सगळ्यात शेवटी काढतात.

बिगरशेती म्हणजेच एनए हा महसूल खात्याचा विषय, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतला. विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक योजनेत रहिवास विभागात असलेल्या जमिनींसाठी, तसंच गावठाणाच्या सीमेपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनींसाठी संहितेत कलम ४२ब, ४२क आणि ४२ड ची सवलत आली. हे नियम बदलत राहतात, म्हणून तुमच्या जमिनीला आज कोणती तरतूद लागते आणि भरणा किती, हे तहसील कार्यालयात विचारा. ‘एनए झालंय’ याचा अर्थ बांधकामाला परवानगी मिळाली असा होत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

छोट्या प्लॉटला परवानगी लागतच नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. डिसेंबर २०२० पासून बृहन्मुंबई, एमआयडीसी, नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतीचं क्षेत्र), थंड हवेच्या ठिकाणच्या नगरपरिषदा अशी काही क्षेत्रं वगळता राज्यभर एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडासाठी नेहमीच्या छाननीतून सूट आहे, आणि १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडासाठी झटपट मंजुरीची पद्धत आहे. पण सूट छाननीपुरती आहे. मालकीचा कागद, नियमात बसणारा नकाशा, परवानाधारक अभियंत्याचं किंवा वास्तुविशारदाचं प्रमाणपत्र दाखल करून विकास शुल्क आणि इतर रकमा भरायच्या असतात, आणि त्याची पोच जपून ठेवायची असते. समास, म्हणजे घराभोवतीची मोकळी जागा, सोडावे लागतातच. काहीच न कळवता बांधलेलं घर अनधिकृत ठरतं, मग प्लॉट कितीही छोटा असो.

ना हरकत कोणाची लागेल?

साध्या घराला यातलं बरंचसं लागत नाही, पण आपल्या जागेच्या आसपास काय आहे यावरून हे ठरतं, म्हणून एकदा जागेवर उभं राहून चहूकडे पाहा. नदी किंवा मोठा ओढा जवळ असेल तर जलसंपदा विभागाची पूररेषा तपासा. निळी रेषा साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्या मधल्या पट्ट्यात घर बांधायचा विचारही करू नका. समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर सीआरझेडचे, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे, नियम लागतात.

संरक्षित किल्ला, लेणी किंवा जुनं देऊळ जवळ असेल तर जास्त सावध राहा. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरचा भाग प्रतिबंधित असतो आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. नियंत्रित भागात राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची मंजुरी घ्यावीच लागते, आणि ती नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत देऊ शकत नाही. रेल्वेची हद्द, विमानतळ, राज्य किंवा राष्ट्रीय महामार्ग, वनजमीन, डोक्यावरून जाणारी महावितरणची उच्चदाब वाहिनी, यांपैकी जे असेल त्या खात्याचं पत्र लागतं. शहरी हद्दीत झाड तोडायचं असेल तर १९७५ च्या कायद्याखालच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी वेगळी घ्यावी लागते. माथेरान आणि महाबळेश्वर–पाचगणी हे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित आहेत, तिथली पद्धत वेगळी असते.

अर्ज कोण करू शकतो आणि कागद कोणते

अर्जदार जागेचा मालक असावा, किंवा नोंदणीकृत भाडेपट्टा वा कुलमुखत्यारपत्र असलेली व्यक्ती असावी. सातबाऱ्यावर भावाबहिणींची नावं असतील तर सगळ्यांची लेखी संमती घ्या. ‘ते काही म्हणणार नाहीत’ यावर फाइल चालत नाही. अर्ज परवानाधारक तांत्रिक व्यक्तीमार्फत जातो. नागरी भागात तो ऑनलाइन भरावा लागतो आणि अनेक नगरपरिषदा-महापालिकांसाठी ‘महावास्तू’ ही प्रणाली आहे. सोबत साधारणपणे हे जोडावं लागतं:

- चालू सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, आणि नोंदणीकृत खरेदीखत
- मोजणी नकाशाची ‘क’ प्रत
- मंजूर ले-आउटची प्रत किंवा बिगरशेतीचा कागद, लागू असेल तो
- झोन दाखला, भाग नकाशा आणि जागेपर्यंत पोचणाऱ्या रस्त्याचा पुरावा
- इमारतीचे नकाशे, तांत्रिक व्यक्तीचं नेमणूकपत्र आणि संरचना अभियंत्याचं प्रमाणपत्र
- घरपट्टी थकलेली नसल्याचा दाखला आणि लागतील त्या ना हरकती

शुल्कात विकास शुल्क, छाननी शुल्क आणि बांधकाम कामगार कल्याण उपकर येतो. उपकर बांधकाम खर्चाच्या एक टक्का असतो. प्रत्येक रकमेची पावती घ्या. पावती नसलेलं कोणतंही देणं देऊ नका, कितीही आग्रह झाला तरी.

मंजुरीसोबत प्रारंभ प्रमाणपत्र मिळतं, आणि काम त्यानंतरच सुरू करायचं. जोतं झालं की जोता तपासणी, घर पुरं झालं की भोगवटा प्रमाणपत्र. प्रारंभ प्रमाणपत्राची मुदत एक वर्ष असते, काम रखडलं तर ती संपण्याआधी वाढवून घ्या. पूर्ण फाइल देऊनही ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर एमआरटीपीच्या कलम ४५ मध्ये मानीव परवानगीची, म्हणजे परवानगी मिळाली असं धरण्याची, तरतूद आहे. मात्र नकाशा सगळ्या नियमांत बसत असेल तरच ती टिकते. परवानगी नाकारली किंवा जाचक अट घातली तर आदेश मिळाल्यापासून ४० दिवसांत कलम ४७ खाली अपील करता येतं.

कार्यालयाबद्दल थोडी जरी शंका असली तर तोंडी विचारू नका. साधे दोन अर्ज लिहा, एक तहसीलदारांना आणि एक जवळच्या नगरपरिषदेला किंवा विकास प्राधिकरणाला: ‘मौजे …, तालुका …, गट नंबर … ही जमीन आपल्या नियोजन क्षेत्रात येते काय? येत नसल्यास बांधकाम परवानगीसाठी सक्षम प्राधिकरण कोणते, हे लेखी कळवावे.’ प्रत्येक अर्जाची एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि तिच्यावर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घ्या. उत्तर आलं नाही तर हाच मजकूर १० रुपयांच्या शुल्कासह माहिती अधिकाराच्या अर्जात घाला. तिथे ३० दिवसांची मुदत कायद्यानेच बांधलेली आहे, आणि येणारं पत्र तुमच्या बांधकामाच्या फाइलचं पहिलं पान म्हणून लावता येतं.