फ्लाय फिशिंग मार्गदर्शक

फ्लाय फिशिंग मार्गदर्शक : पिसे, केस आणि दोरा गळाच्या आकड्यावर बांधून केलेल्या कृत्रिम माशीने मासे धरण्याची विद्या शिकवणारी, त्यासाठी लोकांना नदीवर नेणारी आणि त्यावरच पोट भरणारी व्यक्ती. येथे ‘माशी’ म्हणजे कीटक. ट्राउटसारखे थंड पाण्यातले मासे ज्या पाणकिड्यांवर जगतात त्यांची नक्कल. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, न्यूझीलंड या देशांत हा रीतसर व्यवसाय आहे. हंगामात माणसे नदीवर न्यायची, अधेमधे कास्टिंगचे, म्हणजे दोरी फेकण्याचे, वर्ग घ्यायचे आणि हिवाळ्यात क्लबांत व प्रदर्शनांत भाषणे द्यायची, असे अनेक मार्गदर्शकांचे वर्ष असते. ही कामे वेगळी मोजली जातात खरी, पण नवख्याला पाण्यात जे दिसत नाही ते दाखवणे, हेच तिन्हींचे मूळ आहे.

या विद्येला गुरू का लागतो, हे तिच्या यंत्रणेतच आहे. साध्या गळात वजन आमिषाला किंवा शिशाच्या गोळीला असते. ते भिरकावले की दोरी त्यामागे जाते. कृत्रिम माशीला म्हणावे असे वजनच नसते, म्हणून वजन दोरीला दिलेले असते. ट्राउटसाठी सर्रास वापरतात त्या पाच नंबरच्या दोरीच्या पहिल्या 30 फुटांचे वजन 140 ग्रेन, म्हणजे सुमारे 9 ग्रॅम. साधारण नऊ फुटी काठीने ही दोरी आधी मागे उडवायची, ती हवेत सरळ होईपर्यंत थांबायचे आणि मग पुढे सोडायची. नवशिका नेमका त्या थांबण्यात चुकतो. मागे काय चालले आहे ते दिसत नाही, हात घाई करतो, दोरी चाबकासारखी कडाडते आणि टोकाची माशी तुटून जाते. दुसरी चूक मनगटाची: ते मोडले की काठी फार मागे झुकते आणि दोरी गवतात पडते. चांगला शिक्षक पहिला धडा नदीवर देतच नाही. तो मैदानावर देतो, माशीच्या जागी लोकरीचा गोंडा बांधून, आणि विद्यार्थ्याला मान वळवून मागची दोरी बघायला लावतो. ती सरळ होताना एकदा डोळ्यांनी पाहिली की थांबायचे किती, हे हाताला कळू लागते.

नदीवर पोहोचल्यावर जाणता मार्गदर्शक काठी लगेच जोडत नाही. आधी तो पाण्याचे तापमान घेतो. मग गुडघाभर पाण्यात उतरून तळाचा एखादा दगड उचलतो आणि उलटा करून समोर धरतो. ओल्या दगडाला चिकटून मेफ्लाय या पाणकिड्याची तीन शेपट्यांची पिल्ले सरपटत असतात. शेजारी वाळूचे कण एकमेकांना चिकटवून केलेली काडीएवढी नळी असते, तिच्यात कॅडिस या दुसऱ्या पाणकिड्याची अळी राहते. त्या दिवशी मासे काय खात असतील याचा अंदाज त्या दगडावर मिळतो, आणि डबीतून कोणती माशी निघणार ते तिथेच ठरते. मेफ्लाय वर्षभर पाण्याखाली वाढते. पंख फुटल्यावर ती काहीच खात नाही आणि बहुधा एक-दोन दिवसांत मरते. त्या थोड्या वेळात पाण्यावर जी झुंबड उडते तिची वेळ साधणे, यात मार्गदर्शकाचे वर्षानुवर्षांचे निरीक्षण कामी येते.

पुढचा धडा पाणी वाचण्याचा. मासा वेगवान धारेत उगाच ताकद घालवत नाही. तो खडकाच्या आडोशाला, काठाखालच्या पोकळीत किंवा वेगवान आणि संथ पाणी जिथे घासून जाते त्या रेषेवर उभा राहतो आणि वाहत येणारे अन्न टिपतो. माशी त्या रेषेवर टाकली तरी काम संपत नाही. मधली धार दोरी ओढते, दोरी माशीला ओढते, आणि प्रवाहाला न जुमानता सरकणाऱ्या किड्याकडे ट्राउट ढुंकूनही पाहत नाही. म्हणून दोरीचा फुगवटा अलगद उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवावा लागतो. गाठ आवळण्याआधी ती ओठांत धरून ओली करायची, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने धागा कमजोर होतो, हीसुद्धा अशीच हाती लागणारी गोष्ट.

इतिहासात पाहिले तर स्कॉटलंडमधला ‘गिली’ हा या मार्गदर्शकाचा पूर्वज. गेलिक भाषेत त्या शब्दाचा अर्थ पोऱ्या, नोकर. जमीनदाराच्या सॅमन माशांच्या नदीवर पाहुण्यांसोबत राहणारा हा गडी नदी मालकापेक्षा जास्त ओळखत असे. अमेरिकेत या कामाला कायद्याची ओळख मिळाली ती मेन राज्यात. तिथे 1897 मध्ये मार्गदर्शकांची नोंदणी सुरू झाली आणि पहिला परवाना एका स्त्रीला मिळाला : कॉर्नेलिया क्रॉसबी (1854–1946). बँकेतली नोकरी प्रकृतीला झेपेना म्हणून ती मोकळ्या हवेत, रेंजलीच्या तळ्यांकडे गेली आणि तिथलीच झाली. ‘फ्लाय रॉड’ या नावाने ती वर्तमानपत्रांत लिहीत असे. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रदर्शनात तिने मेनच्या जंगलातले लाकडी घर उभे करून शहरी लोकांना नदीकडे बोलावले, आणि त्याच वेळी किती मासे धरावेत याला मर्यादा हवी, असाही आग्रह धरला. वाट दाखवणे, लिहिणे, लोकांसमोर उभे राहून बोलणे हे सारे एका व्यक्तीत आले त्याचे हे फार सुंदर उदाहरण आहे. मेनमधला परवाना आजही परीक्षेवर मिळतो. तीत नकाशा व होकायंत्र वापरता येते का, आणि सोबतचा माणूस जंगलात हरवला तर काय कराल, हे तपासतात.

शिकवण्याच्या बाजूने सर्वांत मोठे नाव जोन वुल्फ यांचे. न्यू जर्सीत 1926 मध्ये जन्मलेल्या आणि तरुणपणी नृत्य शिकवणाऱ्या या स्पर्धकाने 1951 मध्ये केवळ पुरुष प्रतिस्पर्धी असलेली लांब फेकीची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, आणि 1960 मध्ये 161 फुटांची फेक केली. पती ली वुल्फ यांच्यासह त्यांनी 1979 मध्ये न्यूयॉर्क राज्यात, कॅट्सकिल डोंगरातल्या बीव्हरकिल नदीकाठी शाळा काढली. पूर्वी कास्टिंग ‘माझ्याकडे बघ आणि तसेच कर’ असे शिकवत. जोन यांनी फेकीचे एकेक टप्पे वेगळे काढून त्यांना नावे दिली, त्यामुळे चूक कुठे झाली हे शब्दांत सांगता येऊ लागले. प्रशिक्षकांना परीक्षा घेऊन प्रमाणित करण्याची अमेरिकी फ्लाय फिशिंग महासंघाची पद्धत 1992 पासूनची.

माशाचे हित जपणे हाही या कामाचाच भाग मानला जातो. आकड्याचा उलटा दात दाबून टाकणे, मासा हात ओला केल्याशिवाय न धरणे, शक्यतो पाण्यातच सोडणे, हे मार्गदर्शक पहिल्या दिवशी शिकवतो. पाणी 20 अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्यातला प्राणवायू घटतो आणि सोडलेला ट्राउटही मरू शकतो. अशा वेळी दिवसाचे पैसे सोडून परत फिरणाराच खरा मार्गदर्शक म्हणावा. मोंटाना राज्यात पाणी सलग तीन दिवस 73 अंश फॅरनहाइटला (सुमारे 23 अंश सेल्सिअस) पोहोचले तर दुपारी 2 पासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद ठेवतात.

भारतात ट्राउट इंग्रजांनी आणला. काश्मीरमध्ये 1900 च्या सुमारास स्कॉटलंडहून आलेली अंडी उबवली गेली. लिद्दरसारख्या नद्यांवर आजही ठरावीक टप्प्यांचे परवाने देतात आणि स्थानिक गडी सोबत येतात. हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यातही असे मार्गदर्शक आहेत. दक्षिणेत कावेरीवर गोष्ट वेगळी होती : तिथे महसीर हा नदीतला मोठा मासा मुख्यतः नाचणीच्या पिठाच्या गोळ्यांवर धरत, पण मार्गदर्शकाचे काम तेच. गलीबोर, भीमेश्वरी, दोड्डमाकळी येथील शिबिरांत पूर्वी चोरून मासेमारी करणारे गावकरी मार्गदर्शक झाले आणि नदीचे राखणदारही झाले. अभयारण्याच्या हद्दीतली ही मासेमारी पुढे वन्यजीव कायद्याखाली बंद पडली.

या कहाणीचा एक धागा लोणावळ्यापर्यंत येतो. टाटांच्या वीज प्रकल्पाच्या तिथल्या केंद्रात 1970 च्या दशकापासून दख्खनी महसीराची पैदास होते. इंग्रज निसर्ग-अभ्यासक साइक्स यांनी 1839 मध्ये ज्याचे वर्णन केले तो पुण्याच्या मुळा-मुठेतला हाच मासा. इथली पिल्ले कावेरीतही सोडली गेली. गलीबोरला धरून सोडलेल्या माशांच्या 1998 ते 2012 या काळातल्या नोंदी पुढे संशोधकांनी तपासल्या, तेव्हा दिसले की लोणावळ्याकडचा हा निळ्या परांचा दख्खनी महसीर वाढत गेला आणि कावेरीचा मूळचा कुबडा महसीर जवळपास दिसेनासा झाला. कुबड्याचे शास्त्रीय नाव, टोर रेमादेवी, 2018 मध्ये निश्चित झाले, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला.