शेकोटीवर माती लोटली म्हणजे विझली?

अंगणातल्या शेकोटीवर पायाने माती लोटायची, ‘विझली’ म्हणायचं आणि झोपायला जायचं, ही सवय घातक आहे. मातीखाली निखारा बऱ्याचदा विझत नाही, जपला जातो. हवा कमी मिळाल्याने तो सावकाश जळतो आणि धग आतच कोंडते. पूर्वी चुलीतला विस्तव रात्री राखेखाली झाकून ठेवत. सकाळी फुंकर मारली की तो लाल व्हायचा. (काडेपेटीची काडीही वाचायची!) तेच इथे नकळत घडतं, फक्त पहाटे फुंकर वारा मारतो.

म्हणून पाणीच ओता, पण हळूहळू आणि जरा लांबून, कारण वाफ भसकन तोंडावर येते. काठीने ढवळा, चुर्र आवाज थांबेपर्यंत पुन्हा ओता. शेवटी पालथा हात राखेवर धरून बघा. धग लागली तर आणखी एक बादली.