हॅव्हर

हॅव्हर : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील माँटॅना राज्याच्या उत्तर भागातले रेल्वेचे गाव आणि हिल काउंटीचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या ९,३६२ (२०२०). मिल्क नदीच्या दक्षिण काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे ७६० मी. उंचीवर ते वसले आहे. कॅनडाची सरहद्द येथून उत्तरेला सरळ रेषेत सुमारे ५० किमी. आहे, तर दक्षिणेला बेअर पॉ हे डोंगर दिसतात. रेल्वेमार्ग आणि त्याला लागून धावणारा महामार्ग क्र. २ यांच्या या पट्ट्याला स्थानिक लोक ‘हाय-लाइन’ म्हणतात. गावाचे नाव फ्रान्समधल्या ल आव्र बंदरावरून घेतलेले असले, तरी उच्चार गावाने स्वतःचा केला आहे. पहिल्या अक्षरावर जोर देऊन ‘हॅव्हर’ म्हणायचे. फ्रेंच वळणाने म्हणणारा बाहेरचा, हे तिथे लगेच ओळखले जाते.

गाव इथेच का वसले, याचे उत्तर वाफेच्या इंजिनात आहे. जेम्स जे. हिल यांच्या सेंट पॉल, मिनीॲपोलिस अँड मॅनिटोबा रेल्वेने १८८७ च्या एकाच हंगामात नॉर्थ डकोटातल्या मायनॉटपासून माँटॅनातल्या ग्रेट फॉल्सपर्यंत ५०० मैलांहून अधिक रूळ टाकले. पुढे हीच कंपनी ग्रेट नॉर्दर्न झाली. १८८९ च्या डिसेंबरात अभियंते जॉन एफ. स्टीव्हन्स यांनी रॉकी पर्वतातली मरायस खिंड (सुमारे १,५९० मी.) रेल्वेसाठी मुक्रर केली. त्यानंतर पॅसिफिककडे जाणारा फाटा हॅव्हरच्या पश्चिमेला सुरू झाला आणि १८९३ च्या जानेवारीत कॅस्केड पर्वतात दोन्ही टोके जोडली गेली. ग्रेट फॉल्सकडची वाट आणि समुद्राकडची वाट जिथे फुटते, त्याच्या अलीकडे इंजिने बदलायला जागा हवी होती. वाफेच्या इंजिनाला थोड्या थोड्या मैलांवर पाणी लागे. शंभर-दीडशे मैल धावल्यावर राख झाडणे, वंगण घालणे, नळ्या साफ करणे यासाठी ते सोडवून ताजे इंजिन जोडावे लागे. बुलहुक ओढा मिल्क नदीला मिळतो तिथे पाणी होते, म्हणून ‘बुलहुक बॉटम्स’ या वस्तीचे १८९३ मध्ये हॅव्हर नावाचे नोंदणीकृत शहर झाले.

मैदानी प्रदेशातले पाणी मिळाले तरी ते चांगलेच असेल असे नसे. क्षारयुक्त पाणी बॉयलरमध्ये फेसाळते. फेस वाफेबरोबर सिलिंडरात शिरला, तर तिथले पाणी दाबले जात नाही आणि सिलिंडरचे झाकण फुटू शकते. शिवाय नळ्यांवर चुन्याचे कीट बसून कोळसा जास्त जळतो. म्हणून या मार्गावर इंजिनदुरुस्ती आणि बॉयलरधुलाई ही अडल्यावेळची नव्हे, रोजची कामे होती. त्या काळाची निशाणी, २५८४ क्रमांकाचे इंजिन, स्टेशनाबाहेर उभी आहे. बाल्डविन कारखान्याने १९३० मध्ये बांधलेले हे ४-८-४ चाकरचनेचे (पुढे चार, मध्ये आठ चालक आणि मागे चार चाके) प्रवासी गाड्यांचे इंजिन असून त्याच्या चालक चाकांचा व्यास ८० इंच, म्हणजे दोन मीटरच्या वर आहे. या एस-२ जातीच्या चौदा इंजिनांपैकी एवढे एकच उरले आहे.

डिझेल आल्यावर पाण्याचा थांबा निरर्थक झाला आणि हाय-लाइनवरची अनेक छोटी ठाणी ओस पडली. हॅव्हर टिकले, कारण तिथे डिझेल इंजिनांचे दुरुस्ती-आगार होते आणि माणसे बदलण्याची गरज संपली नव्हती. अमेरिकेच्या कायद्यानुसार गाडीवरच्या कर्मचाऱ्याला सलग १२ तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही आणि २००८ च्या सुधारणेनंतर पाळ्यांच्या मध्ये निदान १० तास अखंड विश्रांती द्यावी लागते. वाटेत बारा तास भरले, तर गाडी असेल तिथे उभी करून कर्मचाऱ्यांची दुसरी जोडी मोटारीने पाठवतात. मालगाड्यांना ठरलेले वेळापत्रक नसते, तेव्हा चालकाला बोलावणे पहाटे तीनलाही येते. गावातल्या कितीतरी घरांचे जेवणखाण, झोप आणि सणवार या फोनवर अवलंबून असतात. ग्रेट नॉर्दर्न १९७० मध्ये बर्लिंग्टन नॉर्दर्नमध्ये विलीन झाली आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापासून हा मार्ग बीएनएसएफ कंपनीकडे आहे. शिकागो ते सिॲटल व पोर्टलंड अशी धावणारी ॲमट्रॅकची ‘एम्पायर बिल्डर’ ही एकमेव प्रवासी गाडी येथे इंधन भरण्यासाठी नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबते. प्रवासी उतरून पाय मोकळे करतात ते त्याच जुन्या इंजिनापाशी.

थंडी आणि रूळ : हॅव्हरमधील नीचांकी तापमानाची नोंद उणे ५७ अंश फॅरनहाइट (उणे ४९ अंश से.) इतकी, १९१६ च्या जानेवारीतली आहे. उन्हाळ्यात पारा १०० अंश फॅरनहाइटच्याही वर जातो. १९१६ च्या त्याच जानेवारीत पश्चिमेच्या ब्राउनिंग गावी चोवीस तासांत तापमान ४४ वरून उणे ५६ अंश फॅरनहाइटवर कोसळले, आणि नैर्ऋत्येच्या लोमा येथे १९७२ च्या जानेवारीत उलट दिशेने, उणे ५४ वरून ४९ वर चढले. ही चढण चिनूक वाऱ्याची. पॅसिफिककडून आलेली हवा रॉकीच्या पश्चिम उतारावर पाऊस-बर्फ टाकून कोरडी होते आणि पूर्वेकडे उतरताना दाबली जाऊन तापते. कॅनडातून घुसलेल्या गार हवेच्या जड थराला तिने बाजूला सारले की काही तासांत बर्फ वितळतो. पण वारा थांबताच तेच पाणी रुळांच्या सांध्यांत गोठते.

पोलाद दर अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे ११.५ दशलक्षांशाने आकुंचन-प्रसरण पावते. रुळाचे तापमान उन्हात ५० आणि हिवाळ्यात उणे ४० अंश से. धरले, तर मोकळ्या सोडलेल्या एक किलोमीटर रुळाची लांबी जवळजवळ एक मीटरने बदलेल. जोडकाम करून सलग केलेला रूळ स्लीपर, अडकवण्या आणि खडी यांनी घट्ट धरलेला असल्याने लांबी बदलत नाही, ताण बदलतो. हिवाळ्यात तो ओढला जाऊन जोडापाशी तुटतो, उन्हाळ्यात दाबला जाऊन बाजूला वाकतो. म्हणून रूळ बसवताना तो ठरावीक मधल्या तापमानाला आणून, गरज पडल्यास तापवून किंवा ओढून बांधतात. हिवाळ्यात तुटलेल्या जागी तुकडा भरला आणि उन्हाळ्यापूर्वी तो जादा पोलादाचा भाग काढला नाही, तर जुलैत नेमका तिथेच रूळ वाकतो. तुटणे त्यातल्या त्यात बरे : रुळांतून सिग्नलचा वीजप्रवाह जात असतो, तो खंडित होऊन बहुधा सिग्नल लाल होतो. वाकण्याची अशी वर्दी मिळत नाही.

थंडीचा दुसरा फटका हवेच्या ब्रेकला बसतो. इंजिनातला दाबयंत्र गाडीच्या पूर्ण लांबीच्या नळीत साधारण ९० पौंड प्रति चौरस इंच दाब भरतो. दर दोन वाघिणींमधल्या जोडावर रबरी कडे असते. कडाक्याच्या थंडीत ते कडक होते आणि हवा निसटू लागते. ११० वाघिणींची गाडी सुमारे दोन किलोमीटर लांब, म्हणजे शंभराहून अधिक गळके जोड. सुटण्यापूर्वीच्या चाचणीत शेवटच्या वाघिणीतला दाब इंजिनाकडच्या दाबापेक्षा १५ पौंडांहून अधिक कमी असून चालत नाही. तो भरला नाही तर गाडी निघत नाही. उपाय दोन : गाडी आखूड करायची, किंवा मध्ये वा शेपटाला रेडिओने चालणारे इंजिन जोडून दोन ठिकाणांहून हवा भरायची. पहिल्या उपायाने तेवढ्याच मालाला जास्त गाड्या, जास्त चालक आणि जास्त मार्ग लागतो. जानेवारीत हॅव्हरचे यार्ड तुंबते त्याचे कारण बर्फाच्या ढिगांपेक्षा हेच अधिक.

इंजिनांची बात आणखी वेगळी. अमेरिकी डिझेल इंजिनांत थंडावा ठेवण्यासाठी मोटारीसारखा गोठणरोधक द्रव नसून बहुधा गंजरोधक घातलेले साधे पाणीच असते. इंजिन बंद पडून पाणी ४ अंश से.च्या आसपास आले की झडप आपोआप उघडून सगळे पाणी जमिनीवर सोडून देते, नाहीतर गोठलेल्या पाण्याने इंजिनाचा ठोकळाच तडकेल. म्हणून हिवाळ्यात उभी इंजिनेही धडधडत ठेवतात.

मार्गाची नीट निगा राखणे किती कठीण आहे हे २५ सप्टेंबर २०२१ रोजी दिसले. हॅव्हरहून सुटलेली पश्चिमेकडची एम्पायर बिल्डर जॉपलिन गावाजवळ घसरली आणि तिघे मृत्युमुखी पडले. झिजलेला रूळ, गाडीच्या वजनाने रुळाचे खाली दबणे, पायाची अस्थिर माती आणि रुळांची बाजूला सरकलेली रेषा असे अनेक दोष एकाच जागी जुळल्याचे चौकशीत निष्पन्न झाले. यांतला एकेक दोष सुटा मोजला तर धोक्याचा वाटत नाही.

शेती आणि पाणी : रेल्वेला मैदान नुसते ओलांडायचे नव्हते, त्यातून माल हवा होता. १८८८ च्या करारान्वये आदिवासी जमातींकडून सुमारे पावणेदोन कोटी एकर जमीन काढून घेण्यात आली आणि फोर्ट पेक, फोर्ट बेलनॅप व ब्लॅकफीट हे राखीव प्रदेश तेवढे उरले. १९०९ च्या कायद्याने कुटुंबाला ३२० एकर मिळू लागली आणि हिल यांच्या जाहिरातींनी भुललेली माणसे एकेका वाघिणीत गुरे, नांगर, खाटा भरून येथे उतरली. वर्षाला जेमतेम ३०० मिमी. पाऊस. तेव्हाच्या ‘कोरडवाहू शास्त्रा’ने वरची माती भुगा करून ठेवायला सांगितले, ओल उडू नये म्हणून. १९१७ पासून पावसाने पाठ फिरवली आणि तो भुगाच वाऱ्याने उडाला. हजारो कुटुंबे आली तशी परतली.

त्यानंतर रूढ झालेली रीत म्हणजे वाऱ्याला आडवे पट्टे : एक गव्हाचा, एक पड, पुढच्या वर्षी अदलाबदल. धूप थांबली, पण दोन नव्या व्याधी आल्या. पडीत मुरलेले जादा पाणी उताराच्या तळाशी झिरपून क्षार वर आणते आणि तिथे पांढरी, नापीक चकंदळे पडतात. शिवाय गव्हाच्या खोडात शिरणारी सॉफ्लाय ही माशी पट्ट्यांच्या कडेला अंडी घालते, पट्टे जितके अरुंद तितकी कड जास्त. अळी काड बुंध्याशी कापते आणि पीक कापणीआधीच आडवे होते. त्यावर भरीव काडाचे वाण काढले गेले. अलीकडे पड ठेवण्याऐवजी मसूर, वाटाणा, हरभरा घेतात. त्यांचे मोठे गिऱ्हाईक भारत होता. भारताने २०१७ च्या अखेरीस वाटाण्यावर ५० टक्के आणि हरभरा-मसुरीवर ३० टक्के आयातशुल्क लावले, तेव्हा त्याची झळ या कोरड्या माळावरच्या कोठारांपर्यंत पोहोचली. गहू मात्र ११० वाघिणींच्या सलग गाडीने, दर वाघिणीत सुमारे १०० टन, पॅसिफिकच्या बंदरांना आणि तिथून आशियात जातो.

मिल्क नदीला हे नाव लुइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेने १८०५ मध्ये दिले. चहात चमचाभर दूध घातल्यासारखा तिचा रंग, अशी नोंद लुइस यांनी केली आहे. नदी माँटॅनात उगवून कॅनडात शिरते आणि पुन्हा माँटॅनात येते. उन्हाळ्यातले तिचे बरेचसे पाणी तिचे नाहीच : ग्लेशियर नॅशनल पार्कजवळच्या सेंट मेरी नदीतून कालव्याने ते वळवले जाते आणि हॅव्हरच्या पश्चिमेच्या फ्रेस्नो धरणात साठते. गावाचे पिण्याचे पाणी त्यातूनच येते. १७ जून २०२४ रोजी या कालव्यावरचे शतकभर जुने पोलादी वक्रनळ (सायफन) फुटले आणि खालच्या खोऱ्याचा पुरवठा तुटला. याच नदीवरून अमेरिकेच्या पाणीहक्काचा पायाभूत निवाडाही झाला : राखीव प्रदेश निर्माण करताना त्याला पुरेल एवढे पाणीही राखले गेले असे मानावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्ये फोर्ट बेलनॅपच्या खटल्यात ठरवले.

गावातली स्थळे : नदीच्या उंच काठावर, चक्क बाजारसंकुलाच्या मागे, वाकपा चूगन हे बायसन-शिकारीचे स्थळ आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासून येथे कळप कड्यावरून खाली किंवा कुंपणात हाकून मारले जात, त्या हाडांचे थर जागेवरच पाहता येतात. नैर्ऋत्येला १८७९ चा फोर्ट असिनिबोइन हा विटांचा लष्करी तळ आहे. १९११ मध्ये तो बंद झाला. त्याच्या जमिनीच्या काही भागावर १९१६ मध्ये चिप्पेवा-क्री लोकांचा रॉकी बॉय राखीव प्रदेश झाला आणि मूळ तळावर आज कृषी संशोधन केंद्र आहे.

१९०४ च्या आगीत बाजारपेठ जळाली, तेव्हा दुकानदारांनी नव्या इमारती होईपर्यंत तळघरांत दुकाने थाटली. ‘हॅव्हर बिनीथ द स्ट्रीट्स’ हे संग्रहालय त्या तळघरांतले. पाहुण्यांना अफूच्या अड्ड्याची आणि दारूच्या गुत्त्याची दालने अधिक आवडतात. खरे पाहण्यासारखे आहेत ते डोक्यावरचे, पदपथात बसवलेले काचेचे चौकोन. तळघरात उजेड यावा म्हणून ते घातले होते. काच पांढरी दिसावी यासाठी तेव्हा तिच्यात मँगनीज मिसळत, आणि वर्षानुवर्षांच्या उन्हाने ते मँगनीज बदलून काच जांभळी होते. वरून चालणाऱ्याला पायाखाली ते जांभळे चौकोन आजही दिसतात.