गॅमा-किरण स्फोट, दूरस्थ : अवकाश-दुर्बिणींद्वारे शोध

महाकाय तारा कोसळताना किंवा दोन न्यूट्रॉन तारे (मृत ताऱ्यांचे अतिघन गाभे) एकमेकांवर आदळताना उसळणाऱ्या गॅमा किरणांच्या अल्पकालीन झोताला गॅमा-किरण स्फोट म्हणतात. पृथ्वीचे वातावरण हे किरण शोषून घेते, त्यामुळे त्यांचा सुगावा प्रथम उपग्रहालाच लागतो. १९६७ साली तो अमेरिकेच्या ‘वेला’ उपग्रहांना लागला. ते सोडले होते अणुचाचण्यांवर पाळत ठेवायला.

गॅमा किरण साध्या आरशाने एकवटता येत नाहीत. म्हणून नोव्हेंबर २००४ मध्ये सोडलेल्या नासाच्या ‘स्विफ्ट’ उपग्रहामध्ये गॅमा किरणांच्या शोधकावर शिशाच्या सुमारे ५२,००० चकत्यांची, मुद्दाम वेडीवाकडी मांडलेली जाळी बसवली आहे. तिची सावली कशी पडली यावरून यानावरचाच संगणक दिशा काढतो आणि यान आपोआप वळून बहुधा दीड मिनिटाच्या आत क्ष-किरण दुर्बीण तिकडे रोखते. ही घाई गरजेचीच, कारण स्फोटामागे उरणारी पश्चदीप्ती भराभर मंदावते.

अंतर काढणे हे मात्र निराळे काम. २३ एप्रिल २००९ रोजी स्विफ्टने सुमारे १० सेकंदांचा स्फोट टिपला (जीआरबी ०९०४२३). क्ष-किरणांत पश्चदीप्ती दिसली, पण त्याच यानावरील दृश्य-अतिनील दुर्बिणीला तिथे काहीच सापडले नाही. असे धुळीमुळेही होते. पण स्फोट फार दूरचा असेल, तर लघु तरंगलांबीचा प्रकाश वाटेतला हायड्रोजन गिळतो, आणि विश्वाच्या प्रसरणामुळे हा काप, म्हणजे जिथून प्रकाश नाहीसा होतो ती सीमा, थेट अवरक्तापर्यंत सरकतो. जमिनीवरील अवरक्त दुर्बिणींनी नेमका तो काप पकडला : ताम्रसृती (प्रसरणामुळे तरंगलांबी किती ताणली गेली याचे माप; जितकी जास्त तितके अंतर मोठे) ८.२. हा प्रकाश निघाला तेव्हा विश्व जेमतेम ६३ कोटी वर्षांचे होते. त्याच प्रसरणाने काळही ताणला जातो. मूळ स्फोट सेकंदभराचाच असावा. जीआरबी ०९०४२९बी या स्फोटाची ताम्रसृती ९.४ सांगतात, पण ती वर्णपटावरून (तरंगलांबीनुसार विभागलेल्या प्रकाशावरून) मोजलेली नाही, रंगांवरून अंदाजलेली आहे. दोहोंना एकाच पंक्तीत बसवणे बरोबर नाही.

चीन व फ्रान्सच्या ‘एसव्हीओएम’ उपग्रहाने (प्रक्षेपण जून २०२४) मार्च २०२५ मध्ये ७.३ ताम्रसृतीचा स्फोट हेरला. काही महिन्यांनी जेम्स वेब दुर्बिणीने तिथे अतिनवताऱ्याचा (स्फोट पावलेल्या ताऱ्याचा) प्रकाश पाहिला. भारताच्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ उपग्रहावरील, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने बनलेले सीझेडटीआय हे उपकरणही असे स्फोट नोंदवते. त्याची खासियत मात्र दूरचे स्फोट हुडकण्यात नाही, तेजस्वी स्फोटांतील किरणांचे ध्रुवीकरण (त्यांची कंपने एकाच दिशेत किती आहेत ते) मोजण्यात आहे.