पहिला सेक्टर कोणाचा? विंडोजशेजारी लिनक्स ठेवण्यामागचा इतिहास

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागतं आणि जुन्या मशीनमध्ये ते बहुधा नसतं. सोलापुरात चादर-टॉवेलच्या कारखान्याचा हिशेब ठेवणाऱ्याला किंवा लग्नपत्रिका छापणाऱ्याला नुसत्या लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या सिस्टिमवर, जाणंही जमत नाही. टॅली विंडोजचं, आणि श्रीलिपीत टाइप करून ठेवलेल्या पेजमेकरच्या जुन्या फायलीही विंडोजवरच उघडतात. म्हणून तोडगा निघतो तो एकच: विंडोज राहू दे, बाजूला लिनक्स टाक. त्यावर मालकाचा प्रश्न ठरलेला असतो, "दुसरं टाकताना पहिलं उडणार नाही ना?"

ही भीती उगाच नाही. तिचं मूळ १९८३ सालात आहे. त्या वर्षी पीसी डॉस २.० बरोबर आयबीएमच्या पीसीवर हार्ड डिस्क आली आणि डिस्कच्या पहिल्या सेक्टरची मांडणी ठरली. एकूण ५१२ बाइट. त्यातले ४४६ मशीन सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, ६४ पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या वेगवेगळ्या भागांच्या, यादीला, उरलेले २ खुणेला. यादीत जागा फक्त चार. म्हणजे एका डिस्कवर अनेक सिस्टिम राहतील हे तेव्हाच गृहीत धरलं होतं. पण सुरू करणाऱ्या प्रोग्रामची जागा एकच होती. वाड्यात बिऱ्हाडं चार आणि दिंडी दरवाजाला कुलूप एक, तसा हा प्रकार. विंडोजचा इन्स्टॉलर न विचारता तिथे आपला प्रोग्राम लिहून मोकळा व्हायचा. लिनक्सवाले मात्र आधीच्या सिस्टिमचं नाव आपल्या मेनूत घालायचे. "आधी विंडोज, मग लिनक्स" हा नियम त्यातून आला, आणि तो अजून सुटलेला नाही.

लिनक्सचा जन्मच दुसऱ्या सिस्टिमच्या शेजारी झाला. लिनस टोरवाल्ड्स १९९१ मध्ये ते मिनिक्स ही दुसरी सिस्टिम असलेल्या मशीनवर लिहीत होता. पुढच्या वर्षी वेर्नर अल्मेसबर्गरने लिलो हा बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम, आणला. लिलोला फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवरची फायलींची मांडणी, वाचता येत नसे. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, डिस्कवर नेमकं कुठे पडलंय त्याचे पत्ते तो लिहून ठेवायचा. कर्नल बदललं आणि लिलो पुन्हा चालवायचं राहिलं, तर मशीन बसलंच. सुरू होताना तो स्वतःचं नाव एकेक अक्षराने छापत असे आणि नाव कुठे अडकलं त्यावरून बिघाड ओळखायचा. इंग्रजीतली पहिली दोन अक्षरं येऊन पडदा थिजला, की पुढचा टप्पा सापडला पण चालवता आला नाही असं समजायचं. १९९५ मध्ये एरिक बोलेनने ग्रब हा दुसरा बूटलोडर लिहायला घेतला. तो फाइल सिस्टिम वाचू शकत असल्यामुळे हे पत्ते लिहून ठेवायची भानगडच मिटली.

खरी जोखीम मात्र जागा करण्यात होती. पूर्ण डिस्क सी ड्राइव्हला दिलेली असायची. डीफ्रॅग करून सगळा डेटा एका बाजूला सरकवायचा आणि मग फिप्ससारख्या प्रोग्रामने पार्टिशन कापायचं. पार्टिशन लहान होत असताना वीज गेली, तर दोन्ही सिस्टिमवर पाणी सोडायची तयारी ठेवावी लागे. लोडशेडिंगच्या वर्षांत यूपीएसशिवाय हे काम अंगावर घेणं म्हणजे जुगार होता. विंडोज विस्टापासून पार्टिशन आकसायची सोय विंडोजमध्येच आली. उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकाराने २००८ मध्ये वुबी दिलं, ज्यात अख्खं लिनक्स विंडोजमधल्या एका फाइलमध्ये बसे. उबुंटूची सीडीही २०११ पर्यंत टपालाने फुकट घरी यायची, त्यामुळे मोठ्या डाउनलोडची कटकट नव्हती.

हा वाद नुसता तांत्रिक कधीच नव्हता. १९९८ मध्ये हिताचीने जपानमध्ये विंडोज आणि बी कंपनीची बीओएस अशा दोन्ही सिस्टिम असलेलं मशीन विकायला काढलं. पण चालू केलं की निवडीचा मेनूच दिसत नसे. बीओएस डिस्कवर असायची, ती बाहेर काढायला ग्राहकाला वेगळी खटपट करावी लागे. मायक्रोसॉफ्टच्या परवान्याच्या अटींमुळे हे झालं असा आरोप करत बी कंपनीने २००२ मध्ये दावा लावला. २००३ मध्ये २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. मायक्रोसॉफ्टने चूक कबूल केली नाही, आणि तोवर बी कंपनीही संपली होती. माझ्या मते दुकानातून दोन सिस्टिमचं तयार मशीन का मिळत नाही, याचं बरंचसं उत्तर या प्रकरणात आहे.

मशीन सुरू करण्याची यूईएफआय ही नवी पद्धत आल्यावर पहिल्या सेक्टरचं भांडण मिटायला हवं होतं. एका छोट्या पार्टिशनमध्ये प्रत्येक सिस्टिमचा वेगळा फोल्डर, आणि पार्टिशनच्या नोंदी चारऐवजी साधारण १२८. पण २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूट आलं. मशीन सही असलेलाच बूटलोडर चालवणार, आणि सही बहुतेक मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या किल्लीची. लिनक्सवाल्यांनी शिम नावाचा छोटा प्रोग्राम मायक्रोसॉफ्टकडून सही करून घेतला. तो पुढे ग्रबला उठवतो. ऑगस्ट २०२४ च्या एका विंडोज अपडेटने जुन्या शिमना नकार द्यायला सुरुवात केली आणि कित्येकांचं लिनक्स सकाळी उठलंच नाही.

फास्ट स्टार्टअप ही अशीच एक खोड. विंडोज बंद केल्यासारखं दिसतं, पण अर्धवट झोपलेलं असतं, म्हणून लिनक्स त्या ड्राइव्हवर लिहायला नकार देतं. फास्ट स्टार्टअप आधी बंद करावं. डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी आणि मगच लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावावा.

घड्याळाचा घोळ तर डॉसइतका जुना आहे. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक वेळ. त्यामुळे लिनक्समधून परत आल्यावर विंडोज बरोबर साडेपाच तास मागे दिसतं. पहाटे चारला टॅली उघडलं, तर तारीख आदल्या दिवसाची. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगता येतं. या पद्धतीला पूर्ण आधार नाही असा इशारा ते दाखवतं, पण ऐकतं.