लाईट गेली की सोलरही बंद का पडतं? दोन इन्व्हर्टरांचा घोळ

छतावर ३ किलोवॅटचं सोलर, बाहेर रणरणतं ऊन, आणि लाईट गेली की पंखा बंद. मग 'फसवलं' इथपासून 'इन्व्हर्टर डिफेक्टिव्ह निघाला' इथपर्यंत सगळं बोलून होतं. बहुतेक वेळा बिघडलेलं काहीच नसतं. घोळ शब्दाचा आहे. भारनियमनाच्या वर्षांत आपल्याकडे 'इन्व्हर्टर' हा शब्द घराघरांत शिरला तो बॅटरीवाल्या पेटीसाठी. सोलरसोबत भिंतीवर लागते तिचंही नाव इन्व्हर्टरच, म्हणून तीही लाईट गेल्यावर कामाला येईल असं माणूस धरून चालतो.

बॅटरीवाला इन्व्हर्टर सगळ्यांना माहीत आहे. ९०० व्हीएची पेटी, १२ व्होल्ट १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी, दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर. लाईट असते तेव्हा आतला रिले (आपोआप पलटणारा स्विच) ती थेट घरात सोडतो आणि बॅटरी चार्ज करत राहतो. लाईट गेली की रिले पलटतो आणि पेटी स्वतः २३० व्होल्ट तयार करते. बॅटरीत कागदावर १.८ युनिट असतात, हाताला त्याहून कमीच लागतात. एवढं पुरे.

सोलरचा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर, म्हणजे ग्रिडला (महावितरणच्या तारांच्या जाळ्याला) जोडलेला, २३० व्होल्ट स्वतः तयार करतच नाही. सगळा गोंधळ इथे आहे, म्हणून जरा थांबून बघू. बॅटरीवाला इन्व्हर्टर व्होल्टेज उभं करतो; करंट किती जाणार हे घरातली उपकरणं ठरवतात. पंखा लावला तर पंख्यापुरता, मिक्सर लावला तर मिक्सरपुरता. ऑन-ग्रिडचं नेमकं उलट. व्होल्टेज त्याला महावितरणच्या तारेवरून तयार मिळतं. त्या लहरीवर नजर ठेवून तिच्या ठेक्यात तो फक्त करंट ढकलतो, आणि किती ढकलायचा हे ऊन ठरवतं, तुमचा फ्रिज नाही. हलगीवर लेझीम चालावी तसं. हलगी थांबली की लेझीम कुठल्या ठेक्यावर खेळणार?

समजा भर दुपारी पॅनेल २,४०० वॅट देत आहेत आणि घरात फ्रिज-पंखे मिळून २५० वॅट लागताहेत. लाईट असताना उरलेले २,१५० वॅट मीटरमधून बाहेर जातात. लाईट गेल्यावर ते जायचे कुठे? करंट ढकलतच राहिला तर व्होल्टेज उसळेल आणि आधी तुमचाच टीव्ही जाईल. शिवाय तो करंट उलटा डीपीपर्यंत, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाऊ शकतो. डीपी दोन्ही दिशांनी काम करते: ११,००० व्होल्टचे ४३३ करते, तसेच खालून आलेल्याचे वर ११,००० करते. लाईन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनसाठी हे जीवघेणं आहे. म्हणून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांत अट आहे की ग्रिड गेली की इन्व्हर्टरने २ सेकंदांत सुटायचं, आणि ग्रिड परत आल्यावर निदान ६० सेकंद स्थिर राहिल्याशिवाय जुळायचं नाही. लाईट आल्या आल्या 'सोलर अजून झोपलेलंच' अशी तक्रार होते ती याच मिनिटाची.

आजूबाजूला इतर सोलर चालू असेल तर इन्व्हर्टर फसणार नाही का? नाही. तो अधूनमधून फ्रिक्वेन्सीला मुद्दाम हलका धक्का देऊन बघतो. ग्रिड जिवंत असेल तर ती ढिम्म हलत नाही; नसेल तर फ्रिक्वेन्सी भरकटते आणि तो सुटतो. आयएस १६१६९ ही चाचणी याचीच असते. ते प्रमाणपत्र नसलेला इन्व्हर्टर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

याच अनुयायी स्वभावातून आणखी एक तक्रार निघते: लाईट आहे, ऊन आहे, तरी दुपारी बारा ते दोन सोलर ट्रिप. करंट बाहेर ढकलायला इन्व्हर्टरला आपल्या टोकाचं व्होल्टेज ग्रिडपेक्षा किंचित वर न्यावं लागतं, आणि मर्यादा २३० च्या ११० टक्के, म्हणजे २५३ व्होल्ट आहे. ३ किलोवॅटला साधारण १३ अँपिअर. छतापासून मीटरपर्यंत ४० मीटर २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर ओढली तर जाऊन-येऊन जवळजवळ ८ व्होल्ट तिथेच चढतात. ६ स्क्वेअर एमएमला ३ च्या आसपास. डीपीजवळच्या घरात दुपारी मुळातच २४६ व्होल्ट असेल तर पहिल्या वायरने ट्रिप होणार, दुसरीने नाही. वायरीत वाचवलेले पैसे असे युनिटांत जातात. सेटिंगमध्ये शिरून मर्यादा २७० करून देणारे महाभाग आहेत. त्यांना पेटीला हात लावू देऊ नका.

आता सगळ्यात महागडा जुगाड. 'ऑन-ग्रिडला ग्रिडच हवी ना, मग बॅटरीवाल्या इन्व्हर्टरच्या आउटपुटवर जोडून फसवू.' पेटी साइन वेव्हची असेल तर खरंच फसतो. मग तो पूर्ण जोरात करंट ढकलतो, घर २५० वॅट घेतं आणि उरलेला सगळा पेटीच्या आउटपुटमधून उलटा आत घुसतो. एक तर पेटीतले मॉसफेट (करंट हाताळणारे ट्रान्झिस्टर) उडतात, नाहीतर बॅटरी बेलगाम चार्ज होऊन उकळते. सोसायटीच्या जनरेटरवर हेच घडतं: लिफ्ट-पंपाचा लोड कमी आणि सोलर जास्त झालं की जनरेटरच उलटा ढकलला जातो. नियम साधा आहे. सोलरची जोडणी चेंजओव्हरच्या (लाईट आणि जनरेटर यांत अदलाबदल करणाऱ्या स्विचच्या) आणि घरच्या इन्व्हर्टरच्या अलीकडे, महावितरणच्या बाजूला, मेन डीबीत (मुख्य वितरण पेटीत) करा. मग जुना इन्व्हर्टर आणि ऑन-ग्रिड एकमेकांशी न बोलता सुखाने नांदतात.

'ग्रिड हीच आपली बॅटरी' हे वाक्यही आता बंद व्हायला हवं. नेट मीटर म्हणजे दिल्या-घेतल्या युनिटांची वही आहे. त्यात युनिट जमा असले तरी अंधारात ट्यूबलाईट लागत नाही.

दोन्ही स्वभाव एका पेटीत हवे असतील तर हायब्रिड. त्याला ग्रिड आणि बॅकअप अशी दोन वेगळी टर्मिनल असतात. लाईट असताना तो अनुयायी. गेली की ग्रिडच्या बाजूचा रिले आधी उघडतो आणि मग बॅकअपवर स्वतः व्होल्टेज उभं करतो. बॅकअप मिळतं ते फक्त त्या टर्मिनलवर जोडलेल्या सर्किटला, अख्ख्या घराला नाही. हमखास चूक न्यूट्रलची होते: फेज बॅकअपवरून आणि न्यूट्रल जुन्याच सामायिक पट्टीवरून. मग आरसीसीबी (करंटची गळती दिसली की सर्किट तोडणारा स्विच) उडत राहते किंवा लाईट गेल्यावर ते सर्किट मेलेलंच राहतं. बॅकअपचा न्यूट्रल वेगळा ओढा, आणि बॅकअप चालू असताना न्यूट्रल-अर्थची जोड इन्व्हर्टर स्वतः करतो की बाहेरून द्यावी लागते हे मॅन्युअलमध्ये बघून घ्या. ती नसेल तर लीकेज झाल्यावर आरसीसीबी पडेलच असं नाही. १ एचपीची मोटर सुरू होताना चालू करंटच्या चार-सहा पट ओढते, तिला या सर्किटवर आणू नका.

बाजारात मात्र 'हायब्रिड' हा शब्द १२-२४ व्होल्टच्या पीसीयूवरही (सोलरवर बॅटरी भरणाऱ्या इन्व्हर्टरवरही) छापलेला असतो. त्या पेट्या सोलरने बॅटरी भरतात, कमी पडलं तर ग्रिड घेतात, पण बाहेर एक युनिटही पाठवत नाहीत. त्यांना नेट मीटर लावून काय करणार? विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारा: हा महावितरणला युनिट पाठवतो का, आणि मेन पाडल्यावर बॅकअपवर किती वॅट देतो?

आमचं मत स्पष्ट आहे. लाईट क्वचित जात असेल तर ऑन-ग्रिड घ्या आणि जुना बॅटरीवाला इन्व्हर्टर तसाच ठेवा. पीएम सूर्यघरचं अनुदान ३ किलोवॅटला ७८,००० रुपये मिळतं ते सोलरच्या क्षमतेवर. बॅटरीचे पैसे सगळे आपल्या खिशातून. दिवसा रोज तीन तास लाईट जात असेल तर हिशेब बदलतो. ३ किलोवॅट दिवसाला साधारण १२ युनिट देतं, आणि अकरा ते दोन बंद राहिलं तर त्यातले चाळीस टक्क्यांच्या आसपास गेले. तिथे हायब्रिड आणि ५ युनिटांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्यावी.

अर्थिंगचे तीन खड्डे, तडितरोधक, पॅनेल धुणं यांत दोन्हीकडे काही फरक नाही.

काम ताब्यात घेताना भर उन्हात मेन स्विच पाडून बघा. ऑन-ग्रिड असेल तर डिस्प्लेवर दोन सेकंदांत शून्य दिसलं पाहिजे. हायब्रिड असेल तर बॅकअपचा फ्रिज चालू राहिला पाहिजे, आणि मेनच्या आउटपुटवर टेस्टर लावला तर तो लागता कामा नये. लागला, तर उरलेले पैसे देऊ नका.