तोनारी नो तोतोरो

हाताने रेखाटलेला जपानी अद्भुतरम्य अ‍ॅनिमेशनपट. ‘माय नेबर तोतोरो’ या इंग्रजी नावाने तो जगभर ओळखला जातो. लेखन व दिग्दर्शन हायाओ मियाझाकी यांचे, निर्मिती स्टुडिओ जिबलीची, संगीत जो हिसाइशी यांचे आणि कलादिग्दर्शन काझुओ ओगा यांचे. लांबी ८६ मिनिटे. १६ एप्रिल १९८८ रोजी तो जपानमध्ये इसाओ ताकाहाता यांच्या ‘होतारू नो हाका’ या युद्धकाळातील शोकांतिकेला जोडून प्रदर्शित झाला. लहान मुलांना घेऊन आलेल्या पालकांसाठी ही जोडी अवघडच म्हणायला हवी.

कथानक थोडक्यात सांगता येते. १९५० च्या दशकात सात्सुकी आणि तिची चार वर्षांची बहीण मेई या दोघी प्राध्यापक वडिलांबरोबर टोकियोलगतच्या एका खेड्यात राहायला येतात. आई रुग्णालयात आहे. घरामागच्या टेकडीवर कापराचे प्रचंड झाड आहे आणि त्याच्या पोटात राहतो केसाळ, गलेलठ्ठ, झोपाळू तोतोरो, हा जंगलातला अद्भुत प्राणी. तो मुलींना दिसतो, मोठ्यांना दिसत नाही. आईचे घरी येणे लांबणीवर पडते, मेई मक्याचे कणीस घेऊन एकटीच रुग्णालयाकडे निघते आणि हरवते. बारा पाय असलेली मांजरबस, म्हणजे मांजराच्या रूपातली बस, सात्सुकीला तिच्यापर्यंत पोहोचवते. मियाझाकी यांची आईही मणक्याच्या क्षयामुळे बरीच वर्षे आजारी होती. पडद्यावरच्या आजारपणात कुठेही भडकपणा नाही, याचे मूळ त्या अनुभवात असावे.

या चित्रपटात खलनायक नाही, युद्ध नाही, शोधायचा खजिनाही नाही. तरीही मुले खिळून बसतात, याचे कारण निरीक्षणात सापडते. मेई अंगणात खेळते तो भाग पाहावा. ती बादलीच्या फुटक्या बुडातून डोकावते, डबक्यातल्या बेडकाच्या पिल्लांकडे पाहते, वाटेत पडलेली ओकची फळे एकेक करून वेचत जाते आणि त्या ओघात तिला छोटा तोतोरो दिसतो. अद्भुताकडे जाणारी वाट इथे मुलाच्या नादिष्टपणातूनच निघते. वडीलही तिचे बोलणे हसण्यावारी नेत नाहीत. ते दोघींना झाडापाशी नेतात, झाडाला वाकून नमस्कार करायला लावतात. मुलाच्या कल्पनेवर मोठ्या माणसाने असा विश्वास ठेवलेला पडद्यावर क्वचितच दिसतो.

बसथांब्याचा प्रसंग हा चित्रपटाचा कळस. पाऊस पडतो आहे, वडिलांची बस आलेली नाही, मेई सात्सुकीच्या पाठीवर झोपली आहे. बाजूला डोक्यावर पान घेतलेला तोतोरो येऊन उभा राहतो. सात्सुकी त्याला वडिलांसाठी आणलेली छत्री देते. छत्रीवर पडणाऱ्या थेंबांचा आवाज त्याला इतका आवडतो की तो उंच उडी मारतो आणि झाडांवर साचलेले सगळे पाणी एकदम कोसळते. बराच वेळ घडते ते एवढेच. मधून एक बेडूक रस्ता ओलांडतो. घाई करणाऱ्या दिग्दर्शकाने हा प्रसंग अर्ध्यावर कापला असता.

प्रत्येक हालचाल आधी कागदावर काढायची, ती पारदर्शक सेल्युलॉइडवर उतरवून रंगवायची आणि रंगवलेल्या पार्श्वभूमीवर ठेवून कॅमेऱ्याने टिपायची, अशी ही हाताने रेखाटलेल्या अ‍ॅनिमेशनची पद्धत. यात आकृत्यांची बाह्यरेषा नेहमीच्या काळ्याऐवजी तपकिरी ठेवली आहे. त्यामुळे माणसे भोवतालच्या हिरवाईतून कापून काढल्यासारखी वाटत नाहीत. ओगा यांनी पोस्टर रंगांत रंगवलेली भातखाचरे, बांधावरचे गवत आणि दिवसाच्या प्रहरानुसार बदलणारा उजेड यांचा वाटा कथेइतकाच मोठा आहे. दुसऱ्यांदा पाहताना पात्रांवरची नजर काढून फक्त पार्श्वभूमी पाहावी.

चित्रपटगृहांत याला माफक यश मिळाले. दूरचित्रवाणीवरील प्रसारण आणि तोतोरोची बाहुली यांमुळे तो घरोघरी पोहोचला. पुढे तोतोरो स्टुडिओचे बोधचिन्हच बनला. ‘किनेमा जुंपो’ या नियतकालिकाने त्याला १९८८ चा सर्वोत्कृष्ट जपानी चित्रपट ठरवले. २०२२ मध्ये रॉयल शेक्सपियर कंपनीने लंडनमध्ये त्याचे नाट्यरूप सादर केले.

कथेतील परिसर बेतला आहे तो सायतामा प्रांतातील तोकोरोझावा व सायामा टेकड्यांवर. मियाझाकी स्वतः तोकोरोझावात राहतात. शहर वाढले तशी तिथली वनराई बांधकामाखाली जाऊ लागली, तेव्हा १९९० मध्ये रहिवाशांनी तोतोरोच्या नावाने निधी उभारायला सुरुवात केली. लोकांच्या देणग्यांतून जंगलाचे तुकडे विकत घेऊन ते तसेच राखायचे, ही त्यांची रीत. पहिला तुकडा १९९१ मध्ये घेतला गेला; त्यानंतर एकेक करून आणखी तुकडे जोडले गेले असून स्वयंसेवक तिथली देखभाल करतात.